एका चौकोनातला पाऊस

26 जुलै 2005 च्या संध्याकाळी मी मामूंशी फोनवर भांडले होते. बी.एड. होऊन वर्षही झालं नव्हतं. कुर्ल्याच्या एका शाळेत मी उर्दू आणि मराठी शिकवायचे आणि राहायचे डोंगरीला मामूंच्या घरी. सॅण्डहर्स्ट रोडवरून लोकल धरायची, कुर्ल्याला उतरायचं, असा रोजचा क्रम. त्या मंगळवारी दुपारी अडीचच्या सुमारास पाऊस सुरू झाला आणि साडेचारपर्यंत शाळेचा तळमजला पाण्यात होता. मुलांना आम्ही दुसऱ्या मजल्यावर नेलं. ऑफिसातला लँडलाइन अजून चालू होता, म्हणून घरी फोन लावला.

मामू म्हणाले, "यहां तो रोज के जैसाच पानी है. तू ट्रेन पकड और घर आ."

मी सांगत होते की ट्रेन बंद आहे, रस्ता दिसत नाही, मुलं रडताहेत. ते खिडकीतून बाहेर बघत होते आणि त्यांना ओला रस्ता, छत्र्या आणि नेहमीची रहदारी दिसत होती. तरुण मुलगी रात्री घराबाहेर राहण्याचं कारण सांगते आहे आणि ते कारण त्यांच्या डोळ्यांना पटत नाही, असा तो प्रसंग. मग लाइन तुटली. मी तिसऱ्या दिवशी घरी पोहोचले तेव्हा ते दारातच उभे होते. काही बोलले नाहीत.

दोघंही खरं बोलत होतो, हे आकडे आल्यावर कळलं. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला होता आणि कुलाब्याच्या वेधशाळेत 73 मिलिमीटरच्या आसपास. दोन्ही ठिकाणं एकाच शहरात. नकाशावर पट्टी ठेवली तर मधलं अंतर पंचवीस किलोमीटरही भरत नाही. मुंबईत चारशेहून जास्त माणसं गेली, राज्यात हजाराच्या वर.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यात घर करून आहे. हवामानाचा अंदाज सांगणारं यंत्र मुंबईकडे बघतं तेव्हा त्याला एक मुंबई दिसते की दोन? त्याचं उत्तर शोधत मी बरंच वाचत गेले. मी विज्ञानाची शिक्षिका नाही, भाषेची आहे. पण या गोष्टीचा इतिहास इतका माणसांनी भरलेला आहे की तो समजायला भाषेचीच शिक्षिका पुरेशी आहे, असं मला वाटतं.

आधी थोडं यंत्राबद्दल. आजचा हवामान अंदाज गणिताने काढतात. हवेचा दाब, तापमान, वारा, बाष्प यांचे एकमेकांशी असलेले नियम समीकरणांत मांडलेले आहेत. आत्ता काय आहे ते मोजायचं आणि समीकरणांच्या मदतीने पुढच्या काही मिनिटांनी काय होईल ते काढायचं. मग त्याच्या पुढची काही मिनिटं, मग त्याच्या पुढची. पण हवा अखंड आहे आणि हिशेब अखंड गोष्टीचा होत नाही. म्हणून पृथ्वीवर आलेखाच्या वहीसारखी जाळी टाकतात. जाळीच्या एका चौकोनाला तापमानाचा एक आकडा, दाबाचा एक, वाऱ्याचा एक. चौकोनाच्या आत काय वेगवेगळं चाललं आहे ते यंत्राला दिसत नाही. त्याच्यासाठी तो चौकोन म्हणजे एकच जागा.

शिक्षकांना हे लगेच कळेल. वर्गाची सरासरी 52 आहे असं मी मुख्याध्यापकांना सांगितलं, तर 91 मिळवणारी मुलगी दिसत नाही आणि 9 मिळवणारा मुलगाही दिसत नाही. त्या दिवशीच्या सांताक्रूझ आणि कुलाब्याची सरासरी काढली तर 508 मिलिमीटर येते. माझ्या अनुभवातही तो पाऊस नव्हता आणि मामूंच्याही नव्हता.

आपल्याकडे तर सह्याद्री आहे. महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि घाट उतरून तीस-बत्तीस किलोमीटरवरच्या वाईला साधारण सातशे-आठशे. जाळीचा चौकोन शंभर किलोमीटरचा असेल तर कोकणपट्टी, घाटमाथा आणि मागचा दुष्काळी पट्टा एकाच खणात येतात. यंत्रातला सह्याद्री मग एखाद्या बसक्या उतारासारखा होतो. ढगांना अडवायला भिंतच उरत नाही. त्यामुळे कोकणात कमी आणि पठारावर जास्त असा पाऊस कागदावर पडतो.

ही जाळी पहिल्यांदा टाकून बघणारा माणूस होता लुईस फ्राय रिचर्डसन. नॉर्वेच्या विल्हेल्म बिएर्कनेस यांनी 1904 मध्ये मांडलं होतं की हवामानाचा अंदाज हा भौतिकशास्त्राचा प्रश्न म्हणून सोडवता येईल. रिचर्डसनने तो प्रत्यक्ष सोडवायला घेतला. हा इंग्रज क्वेकर पंथाचा. त्या पंथात युद्धात शस्त्र उचलणं मान्य नाही. पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर त्याने स्कॉटलंडमधल्या वेधशाळेची नोकरी सोडली आणि फ्रान्समध्ये जखमींची रुग्णवाहिका चालवायला गेला. आघाडीच्या मागे, गवताच्या गंजीवर बसून, थंड आणि ओल्या खोलीत तो हिशेब करायचा.

त्याने निवडलेला दिवस होता 20 मे 1910. त्या दिवशी युरोपात अनेक ठिकाणी फुगे सोडून वरच्या हवेची मोजमापं घेतली गेली होती, म्हणून आकडे हाताशी होते. त्याने मध्य युरोपावर जाळी टाकली. चौकोन उत्तर-दक्षिण 200 किलोमीटरचे, पूर्व-पश्चिम तीन अंश रेखांशाचे, म्हणजे तेही दोनशेच्या थोडे वर. उंचीत हवेचे पाच थर. सहा तासांत जर्मनीतल्या एका ठिकाणी दाब किती बदलेल एवढंच काढायचं होतं, आणि तेही घडून गेलेल्या दिवसाचं. हाताने करायला सहा आठवडे लागले.

उत्तर आलं 145 हेक्टोपास्कल. मोठ्यातल्या मोठ्या चक्रीवादळातही सहा तासांत एवढा दाब बदलत नाही. प्रत्यक्षात त्या दिवशी दाब जवळपास स्थिर होता.

मधल्या काळात हस्तलिखितही हरवलं होतं. 1917 च्या लढाईच्या धामधुमीत ते मागे पाठवलं गेलं आणि काही महिन्यांनी बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडलं. युद्ध संपलं, तो हवामान खात्यात परतला. पण 1920 मध्ये ते खातं हवाईदलाच्या मंत्रालयाखाली गेलं तेव्हा त्याने पुन्हा राजीनामा दिला. 1922 मध्ये पुस्तक निघालं आणि त्यात त्याने आपलं चुकलेलं उत्तर जसंच्या तसं छापलं. मला या माणसाबद्दल सगळ्यात जास्त आदर इथे वाटतो. चुकलेलं गणित खोडरबराने पुसून टाकणारी मुलं मी रोज बघते, आणि खरं सांगायचं तर मोठी माणसंही.

त्याच पुस्तकात त्याने एक स्वप्न लिहिलं आहे. नाट्यगृहासारखं एक प्रचंड गोल सभागृह, भिंतींवर साऱ्या जगाचा नकाशा, आणि नकाशाच्या प्रत्येक भागापाशी हिशेब करणारी माणसं बसलेली. प्रत्येकाकडे आपापल्या चौकोनाचं काम. मध्ये उंच खांबावर एक माणूस, वाद्यवृंदाच्या संचालकासारखा. जो भाग घाईत पुढे पळतो त्यावर तो गुलाबी झोत टाकतो आणि मागे पडणाऱ्यावर निळा. हवामान बदलण्याच्या वेगाने हिशेब करायचा तर अशी 64,000 माणसं लागतील, असा त्याचा हिशेब होता. प्रत्यक्षात त्याहून कितीतरी जास्त लागली असती, पण ते असो.

मग उत्तर चुकलं कशामुळे? मी सुरुवातीला समजत होते की जाळी मोठी होती म्हणून. तसं नव्हतं. आयर्लंडचे हवामानशास्त्रज्ञ पीटर लिंच यांनी कितीतरी वर्षांनी तोच दिवस, तेच आकडे घेऊन हिशेब पुन्हा केला. सुरुवातीच्या मोजमापांत वारा आणि दाब यांचा एकमेकांशी मेळ बसत नव्हता. तो बसवून घेतल्यावर त्याच जाळीवर उत्तर 145 वरून एक हेक्टोपास्कलच्या आसपास आलं. म्हणजे चौकोन तेच, पण त्यात भरलेले आकडे नीट केल्याबरोबर वेडंवाकडं उत्तर शहाणं झालं. जाळी बारीक करा की सगळं सुधारेल असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

जाळीचा स्वतःचाही एक नियम आहे, आणि तो 1928 मध्ये जर्मनीतल्या तिघा गणितज्ञांनी मांडला: रिचर्ड कूरांट, कुर्ट फ्रीडरिक्स आणि हान्स लेव्ही. सोपं करून सांगते. कुर्ल्याहून सुटलेली लोकल तीन-चार मिनिटांत शीवला पोहोचते. मी दर दहा मिनिटांनी एकदाच डोळे उघडून बघत असेन तर ती एका स्टेशनावर दिसेल आणि पुढच्या वेळी दोन-तीन स्टेशनं ओलांडलेली असेल. मधला प्रवास माझ्या हिशेबात कुठेच नाही. तसंच हवेतली लाट वेळेच्या एका टप्प्यात एका चौकोनाहून लांब उडी मारू लागली तर गणित बिघडतं आणि आकडे फुगत फुगत निरर्थक होतात. म्हणून चौकोन लहान केला की वेळेचा टप्पाही लहान करावा लागतो. या तिघांनाही पुढे नाझींच्या काळात जर्मनी सोडावी लागली. कूरांट आणि लेव्ही ज्यू होते म्हणून, आणि फ्रीडरिक्सचं एका ज्यू मुलीवर प्रेम होतं म्हणून. आजही समीकरणांवर चालणारं अंदाजाचं यंत्र बनवताना या तिघांचा नियम विचारात घ्यावा लागतो.

या नियमामुळे खर्चाचा हिशेब भयंकर होतो. समजा बारा किलोमीटरचा चौकोन सहाचा केला. लांबीत दुप्पट, रुंदीत दुप्पट, म्हणजे एका चौकोनाचे चार झाले. वेळेचा टप्पाही निम्मा, म्हणून काम आठपट. उंचीचे थरही दुप्पट केले तर सोळापट. अंदाज तर उद्या सकाळच्या आत हवा, परवा मिळून उपयोग काय?

माणसांऐवजी यंत्राने हा हिशेब पहिल्यांदा 1950 मध्ये झाला. अमेरिकेत ॲबरडीन इथल्या लष्करी केंद्रात एनिॲक नावाचा खोलीभर संगणक होता. ज्यूल चार्नी, नॉर्वेचे फ्यॉर्टॉफ्ट आणि फॉन नॉयमन यांच्या गटाने मार्चपासून सुमारे पाच आठवडे रात्रंदिवस तो चालवला. संगणकाला सूचना कशा द्यायच्या हे त्यांना शिकवण्यात फॉन नॉयमन यांच्या पत्नी क्लारा यांचा मोठा हात होता. जाळीवर 15 गुणिले 18, म्हणजे एकूण 270 बिंदू, आणि दोन बिंदूंमधलं अंतर 736 किलोमीटर. मी हिशेब केला: तेवढा एक चौकोन सव्वापाच लाख चौरस किलोमीटरहून मोठा होतो आणि आपला महाराष्ट्र आहे तीन लाखांच्या थोडा वर. अख्खा महाराष्ट्र एका खणात बसून वर जागा उरते!

तरी जमलं. चार्नी यांनी समीकरणं इतकी सोपी केली होती की वेगाने पळणाऱ्या लाटा हिशेबातूनच वगळल्या गेल्या आणि फक्त वरच्या हवेतले मोठमोठे प्रवाह उरले. त्या प्रवाहांसाठी जाडी जाळी पुरली. चोवीस तासांचा अंदाज काढायला साधारण चोवीस तासच लागायचे, त्यातला बराचसा वेळ छिद्रं पाडलेली कार्डं हाताळण्यात जायचा.

हे नकाशे चार्नी यांनी म्हाताऱ्या रिचर्डसनला पाठवले. त्याने एक साधी परीक्षा घेतली. पत्नी डोरोथीसमोर नकाशे ठेवले आणि विचारलं, प्रत्यक्ष घडलेल्या नकाशाशी जास्त कुठला जुळतो, आदल्या दिवशीचा की यंत्राने काढलेला? डोरोथीचा कौल थोड्याशा फरकाने यंत्राच्या बाजूने गेला. रिचर्डसनने चार्नी यांचं मनापासून अभिनंदन केलं. 1953 मध्ये तो गेला.

पुढची पन्नास वर्षं म्हणजे चौकोन लहान होत जाण्याची कहाणी आहे, ती मी भराभर सांगते. युरोपातल्या देशांनी मिळून इंग्लंडमध्ये रेडिंगला अंदाजाचं केंद्र उभारलं, त्यांचा नियमित अंदाज 1979 मध्ये सुरू झाला तेव्हा जाळी साधारण 200 किलोमीटरची होती. 2016 मध्ये ती 9 किलोमीटरवर आली. ब्रिटनचं हवामान खातं आपल्या बेटांपुरता दीड किलोमीटरच्या चौकोनांवर हिशेब करतं.

आपल्याकडे या गोष्टीला 1987 च्या दुष्काळाने जोर आला. अमेरिकेकडून महासंगणक घ्यायचं ठरलं. भारताने मागितला होता क्रे कंपनीचा जास्त ताकदीचा एक्स-एमपी/24. अमेरिकेला भीती की तो अण्वस्त्रांच्या कामी येईल. खूप घासाघीस होऊन मिळाला लहान एक्स-एमपी/14, तोही हवामानासाठीच वापरायच्या अटीवर. 1988 मध्ये दिल्लीत राष्ट्रीय मध्यम पल्ला हवामान अंदाज केंद्र स्थापन झालं आणि पुढच्या वर्षी तो संगणक तिथे चालू झाला. त्याच नकाराच्या रागातून पुण्यात सी-डॅकने 1991 मध्ये परम तयार केला, हे आपल्या पिढीने शाळेत पाठ केलेलं आहे.

नव्वदच्या दशकात त्या केंद्राचं जागतिक मॉडेल साधारण 150 किलोमीटरच्या जाळीवर चालायचं. दीडशे गुणिले दीडशे म्हणजे साडेबावीस हजार चौरस किलोमीटर. मुंबई, जुना ठाणे जिल्हा (पालघर धरून) आणि रायगड एकत्र केले तरी साडेसतरा हजारांच्या आतच बसतात. एवढ्याला पावसाचा एक आकडा. कुर्ला आणि डोंगरी सोडाच, पालघरचा मच्छीमार आणि महाडचा दुकानदारही त्या यंत्रासाठी एकाच जागी उभे.

944 हा आकडा त्या दिवशी कोणाच्याच अंदाजात नव्हता. मुंबईत तेव्हा डॉप्लर रडारही नव्हतं. ते कुलाब्याला काही वर्षांनी आलं आणि वेरावलीचं दुसरं 2022 मध्ये. नंतर कितीतरी संशोधकांनी तोच दिवस घेऊन बारीक जाळीची मॉडेलं चालवून बघितली. जाळी काही किलोमीटरवर आणली की अतिवृष्टी उमटायची, जी जाड्या जाळीत जवळपास विरून जायची. पण नेमकी कुठे आणि किती, हे प्रत्येक मॉडेल वेगळं सांगायचं. पाऊस खरा, पत्ता कच्चा.

हे असं का होतं? पावसाळी ढग एक-दोन किलोमीटर ते दहा किलोमीटर रुंदीचा असतो. चौकोन त्याच्याहून मोठा असेल तर ढग यंत्राला दिसतच नाही. मग शास्त्रज्ञ त्याला ठोकताळे शिकवतात: चौकोनात इतकं बाष्प असेल, हवा इतकी अस्थिर असेल, तर आत ढग झाले असं धर आणि एवढा पाऊस टाक. हे ठोकताळे वाईट नाहीत, त्यांच्याशिवाय अंदाज झालाच नसता. पण त्यांना एक खोड आहे. ते पाऊस पसरवून टाकतात. एका कोपऱ्यातला धो-धो पाऊस सगळ्या चौकोनभर रिमझिम होतो. वर्गातली मुलं मला विचारतात, "टीचर, मोबाइलवर रोज छत्री दाखवतात, पाऊस कुठाय?" त्या रोजच्या छत्रीमागे बऱ्याचदा हाच पसरवलेला पाऊस असतो. जाळी तीन-चार किलोमीटरच्या खाली आली की यंत्र मोठे ढग स्वतःच घडवू लागतं आणि हा ठोकताळा बंद करता येतो. त्याच्या वर, दहापर्यंत, अधांतरी पट्टा आहे. ढग अर्धवट दिसतो, ठोकताळाही अर्धवट लागतो.

बारीक जाळीवर आणखी एक अन्याय होतो. जाड्या मॉडेलने सगळीकडे थोडा पाऊस सांगितला आणि बारीक मॉडेलने एकाच ठिकाणी मुसळधार सांगितला, पण तो पडला वीस किलोमीटर उत्तरेला. गुण देताना बारीक मॉडेलला दोनदा मार बसतो: सांगितलं तिथे पडला नाही म्हणून एकदा, आणि पडला तिथे सांगितलं नव्हतं म्हणून पुन्हा. गुळमुळीत बोलणारा मात्र निम्मे गुण घेऊन जातो. ज्या मुलाने बरोबर उत्तर चुकीच्या प्रश्नक्रमांकाखाली लिहिलं त्याला शून्य आणि ज्याने सगळीकडे थोडं थोडं भरलं तो पास, असा आपल्याकडचा पेपर तपासणीचा प्रकार. आता या मॉडेलांचे गुण मोजण्याच्या पद्धतीही म्हणूनच बदलत आहेत, आसपास किती बरोबर आला हे बघतात.

आणि जाळी कितीही बारीक केली तरी एक भिंत राहते. एडवर्ड लॉरेन्झ यांनी 1969 मध्ये दाखवलं की जितकी लहान गोष्ट, तितकी तिच्यातली चूक लवकर वाढते. खंडाएवढ्या प्रवाहाचा अंदाज कित्येक दिवस टिकतो, एकट्या ढगाचा काही तास. म्हणून उद्या कुर्ल्यात नेमका कुठल्या गल्लीत पाऊस पडेल हे आज ठामपणे सांगणारं मॉडेल कितीही बारीक असलं तरी त्याच्यावर मी डोळे मिटून विश्वास ठेवणार नाही. यावरचा उपाय म्हणजे एकच हिशेब सुरुवातीचे आकडे किंचित बदलून अनेकदा करायचा आणि किती वेळा अतिवृष्टी येते ते बघायचं. 2018 पासून आपल्याकडे 12 किलोमीटरच्या जाळीवर असा एकवीस उत्तरांचा संच रोज काढला जातो. एकवीसपैकी सहा उत्तरं पूर म्हणत असतील तर शाळेला सुट्टी द्यायची की नाही, हा प्रश्न मग गणिताचा राहत नाही.

मोसमी हा शब्द, जाता जाता सांगते, आपल्या मौसमचाच. अरबीत मौसिम म्हणजे ठरलेली वेळ, हंगाम. अरबी खलाशांची जहाजं ज्या वाऱ्यावर हिंदुस्तानकडे यायची त्या हंगामाचा शब्द पोर्तुगिजांनी उचलला आणि तिथून तो मान्सून होऊन परत आपल्याकडे आला. त्या खलाशांना वारा कधी फिरेल एवढं कळणं पुरेसं होतं. कुठल्या वॉर्डात पाणी भरेल हे त्यांना कोणी विचारत नव्हतं.

रिचर्डसनकडे पुन्हा एकदा जाते, कारण जाळीचा हा प्रश्न त्याच्या आयुष्यात वेगळ्याच रूपाने परत आला. हवामान सोडल्यावर तो युद्धं का होतात याचं गणित मांडू लागला. दोन देशांची सरहद्द जितकी लांब तितकी भांडणं जास्त होतात का, हे बघायला त्याने सरहद्दींच्या लांब्या गोळा केल्या. स्पेन आणि पोर्तुगाल यांच्या एकाच सरहद्दीची लांबी एके ठिकाणी 987 किलोमीटर, दुसरीकडे 1,214. मोजपट्टी जितकी लहान घ्याल तितकी वळणं जास्त पकडली जातात आणि लांबी वाढत जाते. त्याच्या मृत्यूनंतर हे छापलं गेलं आणि 1967 मध्ये मँडेलब्रॉट यांनी त्यावरून ब्रिटनच्या किनाऱ्याची लांबी किती, हा प्रसिद्ध प्रश्न विचारला.

आपल्याकडे हेच अलीकडे घडलं. भारताचा समुद्रकिनारा 7,516 किलोमीटर असं मी कितीतरी मुलांकडून घोकून घेतलं होतं. आता सरकारी आकडा 11,098 किलोमीटर आहे. महाराष्ट्राचा 652 वरून 877 वर गेला. किनारा तोच आहे, नकाशा बारीक झाला. प्रत्येक खाडी, प्रत्येक बेट आता मोजलं जातं. जुन्या आकड्यात ज्या खाडीकाठी माझी दोन-तीन गावची नातेवाईक मंडळी राहतात, ते वळण धरलेलं नसावं अशी मला दाट शंका आहे.

26 मे 2025 ला दिल्लीत भारत फोरकास्ट सिस्टीमचं उद्घाटन झालं. पुण्याच्या पाषाणमधल्या आयआयटीएमने ती तयार केली आणि तिथल्याच अर्का महासंगणकावर ती चालते. जाळी 6 किलोमीटरची. सगळ्या जगाचा रोजचा अंदाज इतक्या बारीक जाळीवर देणारी ही पहिलीच व्यवस्था, असं सांगितलं गेलं. बातम्यांत लगेच पंचायतीपर्यंतचा अंदाज हे शब्द आले. अभिमान मलाही वाटला. क्रेसाठी हात पसरण्यापासून इथवर आपण आलो, हे लहान नाही. मुंबईवर आता दीडशेचा एक तुकडा नसून पंधराएक चौकोन आहेत. पण एका पंचायतीवर एक चौकोन म्हणजे त्या पंचायतीचा अंदाज, असं होत नाही. फोटोतल्या एका ठिपक्यावरून चेहरा ओळखता येत नाही, पाच-सात ठिपके शेजारी शेजारी लागतात. मॉडेललाही एखादी गोष्ट नीट पकडायला सहा-आठ चौकोनांची रुंदी लागते, म्हणजे इथे चाळीसएक किलोमीटर. शिवाय त्या चौकोनांत भरायचे आकडे हवेत: रडार, पर्जन्यमापक, फुगे. ते विरळच राहिले तर आपण रिचर्डसनच्या 1910 च्या दिवसाकडे परत जाऊ, फक्त जास्त वेगाने.

त्याच दिवशी, 26 मेलाच, मान्सून मुंबईत येऊन थडकला, आजवरच्या नोंदींतला सगळ्यात लवकर. आणि यावेळी उलटं झालं. दक्षिण मुंबईत धुवाधार, उपनगरात त्या मानाने कमी. कुलाब्याच्या मे महिन्यातल्या पावसाचा शंभर वर्षांहून जुना विक्रम मोडला. वरळीच्या नव्या भुयारी मेट्रो स्टेशनात पाणी शिरलं. इशारा सकाळी चढवत न्यावा लागला.

मी आता कुर्ल्यालाच राहते. शाळेला सुट्टी होती, खिडकीबाहेर पाऊस होता, पण कपडे आत घ्यावेत इतपतच. दहाच्या सुमारास मामूंचा फोन आला. ऐंशीच्या जवळ आहेत, आवाज आता खोल जातो. म्हणाले, खाली दुकानात पाणी आलंय, लाइट गेलीय, जिना ओला आहे म्हणून उतरत नाही.

मी खिडकीतून बाहेर बघितलं आणि तोंडावर आलेलं वाक्य गिळलं. विचारलं, "दवा आहे ना दोन दिवसांची?"

"है," ते म्हणाले, आणि मग जरा थांबून, "उधर कैसा है?"

"आमच्याकडे नेहमीसारखाच आहे, मामू."

ते हसले की खोकले, मला नीट ऐकू आलं नाही.